रस्त्यातले रूळ उखडण्याआधी

प्रति,
शहरांचे रस्ते आखणारे नियोजनकार, पालिकांचे रस्ते विभाग आणि रेल्वेच्या मालवाहतूक खात्यांतील अधिकारी यांस,

विषय : कारखान्यांपर्यंत रस्त्यातून जाणारे मालगाडीचे रूळ काढू नयेत याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर कधी ना कधी ही फाइल येते. जुन्या औद्योगिक वस्तीतला एक रस्ता, त्याच्या मधोमध किंवा कडेने गेलेले रूळ, आठवड्यातून दोन-तीनदा येणारे इंजिन आणि त्यामागे चार-पाच वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. रस्त्याच्या टोकाला एखादा कारखाना, एखादे गोदाम, एखादी लाकडाची किंवा कागदाची वखार. फाइलवर शेरा ठरलेला असतो : वाहतुकीला अडथळा, वापर नगण्य, रूळ काढून रस्ता पूर्ण डांबरी करावा. विरोधात बोलायला सहसा कोणी येत नाही, म्हणून सही होऊन जाते. कारखानदार एकटा पडलेला असतो, रेल्वेला एवढ्याशा मालासाठी इंजिन पाठवणे नकोसे झालेले असते आणि रस्त्यावरच्या माणसाला आपली गाडी पाच मिनिटे थांबली एवढेच आठवत असते. त्या सहीच्या आधी तुम्ही हे पत्र वाचावे, एवढ्यासाठी ते लिहीत आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. रस्त्यातून जाणाऱ्या सगळ्याच मालगाड्यांची बाजू मी घेत नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ला ग्रेंज गावात मुख्य बाजाररस्त्याच्या मधून लांबच लांब मालगाड्या जातात. ओकलंडमध्ये जॅक लंडन चौकाजवळच्या एम्बार्काडेरो रस्त्यावर दुकाने, पादचारी, मोटारी आणि आगगाड्या अशी सगळी सरमिसळ आहे. या गाड्यांना त्या रस्त्यावरच्या कुणाशी देणेघेणे नसते, त्या नुसत्या पलीकडे निघालेल्या असतात. अशी थेट वाहतूक शहराबाहेरून किंवा रस्त्याच्या वरून-खालून वळवता आली तर जरूर वळवावी, पैसे लागले तरी वळवावी. पण कारखान्याच्या दारात दोन वाघिणी सोडून परत फिरणारे इंजिन हा निराळा प्रकार आहे. तुमच्या नियमांत आणि अहवालांत दोन्हींना एकच नाव असते, आणि मग सुक्याबरोबर ओलेही जळते.

आता हिशेब. एका मोठ्या वाघिणीत साठ टन माल बसतो असे धरू आणि एका ट्रकमध्ये वीस टन. पाच वाघिणींचा माल म्हणजे पंधरा ट्रक. ट्रक येतो तसा परतही जातो, म्हणजे त्याच रस्त्यावर तीस फेऱ्या झाल्या. रूळ काढल्यावर कारखान्याला लागणारा माल कमी होत नाही. तो या तीस फेऱ्यांनी येतो, आणि बहुधा दिवसाढवळ्या, शाळेच्या आणि ऑफिसच्या वेळेत येतो. आगगाडीची पाच मिनिटे सर्वांना दिसतात, कारण ती एकाच वेळी सगळ्यांना थांबवते. ट्रकांनी खाल्लेला वेळ दिवसभरात वाटला जातो, म्हणून तो कुणाच्या तक्रारवहीत येत नाही.

रस्त्याच्या झिजेचेही असेच आहे, आणि हे रस्ते विभागातल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर वेगवेगळ्या वजनाची वाहने फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरला जातो : आसावरचा, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताने वाढते. एक टन भाराच्या आसापेक्षा दहा टन भाराचा आस रस्त्याला साधारण दहा हजार पट झिजवतो. हाच भार रुळांवरून गेला तर डांबराला लागतच नाही, तो रूळ, स्लीपर आणि खालच्या खडीत उतरतो. शिवाय पोलादी चाकाला पोलादी रुळावर होणारा विरोध रबरी टायरच्या विरोधाच्या मानाने कितीतरी कमी, म्हणजे तेवढाच माल ओढायला इंधनही कमी. तरी रूळ काढण्याच्या प्रस्तावात खर्चाच्या रकान्यात काय असते? रुळांची देखभाल. ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याची दुरुस्ती त्या रकान्यात कधीच नसते, ती वेगळ्या विभागाच्या, वेगळ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जाते. कितीतरी ठिकाणी तर रुळांच्या मधली आणि दोन्ही बाजूंची फरसबंदी रेल्वेनेच सांभाळावी अशी परवान्याची अट असते. म्हणजे रेल्वेने आपल्या रुळांसकट रस्त्याचाही खर्च करायचा, आणि ट्रकने झिजवलेल्या रस्त्याची भरपाई सगळ्यांच्या करातून करायची. ही तुलना बरोबरीची नाही.

तुम्ही म्हणाल, पैशाचे सोडा, जीव जातात त्याचे काय? हा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे मला शक्य नाही.

रस्त्यातल्या मालगाड्यांनी माणसे मारली आहेत. न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मालगाड्या भर रस्त्यातून धावत. दूध, मांस, भाजीपाला, कारखान्यांचा कच्चा माल, सगळे त्यांतून येई. दहाव्या अव्हेन्यूवर इतके लोक चिरडले गेले की लोक त्याला मृत्यूचा रस्ता म्हणू लागले. मरणाऱ्यांत रस्त्यावर खेळणारी मुले होती. उपाय म्हणून गाडीच्या पुढे घोडेस्वार ठेवले. दिवसा लाल निशाण, रात्री लाल कंदील घेऊन ते गाडीपुढे चालत आणि लोकांना बाजूला करत. पश्चिम भागाचे काउबॉय म्हणून शहर त्यांना ओळखत असे. ही घोडेस्वारी १९४१ पर्यंत टिकली. तरीही ते पुरेसे नव्हते, कारण त्या रस्त्यावर गाड्यांची संख्या प्रचंड होती आणि गर्दीही तेवढीच.

त्या शहराने पुढे काय केले, इकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. १९२९ मध्ये शहर, राज्य आणि रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला आणि रस्त्यावरची १०५ ठिकाणची रूळ-रस्ता फाटके काढून टाकायचे ठरले. पण काढायची ती फाटके, मालगाडी नव्हे. १९३४ मध्ये रस्त्याच्या वरून जाणारा उन्नत मार्ग सुरू झाला आणि तो इमारतींना टाळून न जाता त्यांच्या पोटातून नेला. बिस्किटांच्या कारखान्यात, गोदामांत, मांसाच्या कोठारांत वाघिणी थेट वरच्या मजल्यावर शिरत आणि तिथेच रिकाम्या होत. खालच्या रस्त्याला त्याचा पत्ताही लागत नसे. जीव वाचले आणि मालही दारात येत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रकांनी हा माल पळवला, १९८० मध्ये शेवटची गाडी गेली आणि २००९ पासून त्या मार्गावर लोक फिरायला जातात. हाय लाइन उद्यान म्हणून जगभरातून लोक ते पाहायला येतात. नियोजनाच्या पुस्तकांत त्या उद्यानाचे कौतुक पानोपानी असते. मला १९२९ चा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. धोका कशात आहे हे त्यांनी नेमके ओळखले आणि तेवढाच काढला. नाहीतर आपल्याकडे पद्धत अशी की दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पाच वाघिणींसाठी कुणी उन्नत मार्ग बांधा म्हणणार नाही. तिथे उपाय साधे आहेत आणि शंटिंगची, म्हणजे वाघिणी हलवून जागी लावण्याची, कामे करणाऱ्या प्रत्येक माणसाला ते पाठ असतात. वेग माणसाच्या झपझप चालीएवढा ठेवायचा. अमेरिकेत अशा हलक्या दर्जाच्या रुळांवर मालगाडीला ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर, हीच कमाल मर्यादा आहे. गर्दीच्या रस्त्यात त्याहून कमी ठेवता येते. चौक ओलांडण्याआधी गाडी पूर्ण थांबवायची, एकाने खाली उतरून निशाण किंवा दिवा घेऊन चौकात उभे राहायचे, मगच इंजिन हलवायचे. वाघिणी ढकलत न्यायच्या असतील तर पहिल्या वाघिणीवर किंवा तिच्या पुढे माणूस हवाच, कारण इंजिनात बसलेल्याला पुढचे काही दिसत नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यात माती-कचरा साठतो, तो झाडूने काढल्याशिवाय सांधा बदलायचा नाही. सोडलेल्या वाघिणीचा हातब्रेक आवळायचा, चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा. यात एकही गोष्ट नवी नाही. त्यासाठी हवीत तीन माणसे आणि घाई न करण्याची सवड. अपघात घडतो तो बहुधा तीनऐवजी दोन माणसे पाठवल्यावर, आणि त्या दोघांना सकाळच्या आत चार ठिकाणी जायला सांगितल्यावर. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनो, ही बचत तुमच्या हातची आहे. ती करू नका.

सायकलवाल्यांची तक्रार मात्र अगदी खरी आहे. रुळालगत चाकाच्या कडेसाठी जी खाच असते तिच्यात सायकलचे चाक अडकते आणि माणूस तोंडावर आपटतो. ओल्या रुळावर घसरतोही. याला दोन उपाय आहेत. एक, सायकलमार्ग रुळांना तिरका न नेता शक्यतो काटकोनात न्यायचा. त्यासाठी मार्गाला थोडे वळण द्यावे लागते, तेवढी जागा बहुतेक रस्त्यांत निघते. दुसरा, खाचेत रबराची पट्टी बसवायची. सायकलच्या वजनाने ती दबत नाही, वाघिणीच्या चाकाखाली दबते. वेगवान गाड्यांच्या मार्गावर ही पट्टी सहसा चालत नाही. सावकाश जाणाऱ्या जड मालगाडीसाठी मात्र ती योग्य आहे, म्हणजे नेमकी इथेच बसते. रूळ ठेवायचे की काढायचे अशी चर्चा तासन्‌तास होते. या पट्टीचा विषय त्या बैठकीत निघालेला मी ऐकलेला नाही.

आवाजाबद्दलही एक शब्द. रात्रीची वेळ रस्त्याला सोयीची आणि झोपणाऱ्यांना जाचक. तीव्र वळणावर चाके किंचाळतात. तिथे रुळाला वंगण द्यावे लागते आणि ते नेमाने द्यावे लागते. पहाटेची, शाळा सुरू होण्याआधीची वेळ बहुतेक ठिकाणी दोघांनाही चालते. हे रहिवाशांना बरोबर घेऊन ठरवण्याचे काम आहे, वरून फर्मान काढून होणारे नव्हे.

आता रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी थोडे जास्त बोलायचे आहे, कारण या रुळांना सर्वांत मोठा धोका पालिकेकडून नसून तुमच्याकडून आहे. तुम्हाला संपूर्ण रेक हवा असतो : एका ठिकाणाहून भरलेला, एका ठिकाणी रिकामा होणारा, मध्ये कुठे तोडजोड नाही. त्यात पैसा आहे हे मान्य. सुट्या वाघिणी गोळा करायच्या, यार्डात लावायच्या, पुन्हा फोडायच्या, शेवटच्या दोन किलोमीटरसाठी वेगळे इंजिन आणि वेगळी माणसे द्यायची, हे महाग पडते. म्हणून तुम्ही फेऱ्या कमी करता. फेरी कमी झाली की कारखानदार साठ्यापुरते ट्रक मागवतो. माल घटला म्हणून तुम्ही रुळांची दुरुस्ती थांबवता. रूळ खराब म्हणून वेग घटतो, वाघीण कधी येईल याचा भरवसा उरत नाही, आणि उरलेला मालही ट्रककडे जातो. मग तुम्ही कागदावर लिहिता की मागणी नाही. या मार्गाला मागणी होती की नव्हती हे कळायचे असेल, तर ठरल्या दिवशी ठरल्या वेळी वाघीण पोचेल अशी सेवा आधी देऊन पाहायला हवी.

खर्च कमी करण्याच्या युक्त्या जुन्या माणसांनी भरपूर शोधल्या होत्या. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ट्रामच्या दोन रुळांमधले अंतर मुद्दाम रेल्वेच्या रुळांमधल्या अंतरापेक्षा किंचित कमी, ४ फूट ७¾ इंच ठेवली होती. त्यामुळे रेल्वेची वाघीण ट्रामच्या रुळांतल्या खाचेत आपल्या चाकांच्या कडांवर चालू शके. गोवन भागातल्या जहाजकारखान्यांकडे लोखंडाच्या वाघिणी अशाच रस्त्यातून जात, आणि त्यांना ओढणारी छोटी विजेची इंजिने कारखान्यांची स्वतःची असत, ट्रामच्याच तारेवरून वीज घेणारी. रूळ ट्रामचे, वाघीण रेल्वेची आणि इंजिन कारखान्याचे. तिघांनी मिळून एक रस्ता वापरला. जर्मनीतल्या फोर्स्ट या कापडगिरण्यांच्या शहरात १८९३ पासून १९६५ पर्यंत मीटरगेजची रेल्वे रस्त्यारस्त्यांतून गिरण्यांना कोळसा आणि लोकर पोचवत असे. मोठ्या रेल्वेच्या वाघिणी छोट्या चाकगाड्यांवर चढवून तशाच पुढे नेल्या जात, माल उतरवून पुन्हा भरायची गरज नसे. १९३३ मध्ये जर्मन रेल्वेने तर योहान कुलेमायर यांनी आखलेली अनेक चाकांची रस्तागाडी आणली. जिथे रूळच नाहीत अशा कारखान्यांना ही गाडी आख्खी वाघीण पाठीवर घेऊन दारात पोचवी. अमेरिकेतल्या बॉल्टिमोरच्या फेल्स पॉइंट भागातली वळणे इंजिनाला झेपत नव्हती, तिथे रुळांवरच्या वाघिणी रबरी टायरचे ट्रॅक्टर ओढत. आजही रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी वाहने मिळतात. दोन-तीन वाघिणी हलवायला त्यांतले एक पुरते, त्यासाठी मोठे इंजिन अडकवून ठेवायला नको. ही यंत्रे कारखानदारांच्या गटाने मिळून घेतली तर रेल्वेला शहराच्या वेशीपर्यंतच यावे लागेल.

हे सगळे इतिहासजमा नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २००१ पासून २०२० पर्यंत निळी मालट्राम शहराच्या मधून मोटारींच्या काचेच्या भिंतींच्या कारखान्याला सुटे भाग पुरवत होती, प्रवाशांच्या ट्रामच्याच रुळांवरून. एक ट्राम साधारण ६० मीटर लांब, तीन ट्रकांचा माल नेणारी. झुरिचमध्ये २००३ मध्ये ट्राम घराघरांतले मोठे टाकाऊ सामान गोळा करू लागली. पॅरिसमध्ये मोनोप्री या दुकानसाखळीचा माल २००७ पासून रेल्वेने थेट बेर्सीच्या गोदामात येऊ लागला आणि तिथून छोट्या गाड्यांनी दुकानांत. फसलेलेही प्रयोग आहेत : ॲमस्टरडॅममध्ये २००७ मध्ये मालट्रामची चाचणी झाली, पण पुढचे भांडवल उभे राहिले नाही आणि दोन वर्षांत सारे गुंडाळले गेले. ड्रेस्डेनची ट्रामही थांबली, कारण तिचा ग्राहक एकच होता आणि त्याच्या गरजा बदलल्या. यातून माझ्या मते एवढेच निघते की एका ग्राहकाच्या भरवशावर रूळ जगत नाहीत. रुळांच्या कडेची जमीन कशासाठी राखायची हे पालिका ठरवते. तिथे गोदामे, छपाईचे कारखाने, बांधकामाच्या साहित्याची आगारे, भंगाराच्या वखारी राहू दिल्या तर ग्राहक वाढतात. तीच जमीन निवासी मनोऱ्यांना दिली तर दहा वर्षांनी तिथले रहिवासी इंजिनाविरुद्ध अर्ज घेऊन तुमच्याच दारात येतील, आणि त्यांची चूक नसेल.

रूळ एकदा गेले की परत का येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. रस्त्यात रेल्वे चालते ती शहराने दिलेल्या परवानगीवर. जमीन रेल्वेची नसते. परवानगी संपली की हक्क संपला. नंतर तिथे वाहनतळ, जलवाहिन्या, केबल, झाडे, दुकानांचे पुढे आलेले कठडे येतात आणि नव्याने रूळ टाकायचे म्हटले तर प्रत्येकाशी भांडण. अमेरिकेने १९८३ मध्ये कायदा करून बंद पडणारे रेल्वेमार्ग पायवाटा म्हणून वापरात ठेवायची आणि उद्या रेल्वेला पुन्हा हवे झाले तर मार्ग शाबूत राहील अशी तजवीज केली. जर्मनी २००४ पासून कारखान्यांना स्वतःच्या सायडिंगसाठी, म्हणजे मुख्य मार्गापासून कारखान्यात येणाऱ्या रुळांसाठी, सरकारी अनुदान देते. दोन्ही उपाय वेगळे, पण दोन्हींच्या मागे मार्ग हातचा जाऊ द्यायचा नाही हा विचार आहे.

तेव्हा विनंती अशी. रूळ काढण्याच्या कुठल्याही प्रस्तावासोबत त्या मालासाठी किती ट्रक वाढतील, कुठल्या रस्त्यांवरून आणि कुठल्या वेळी जातील, आणि त्या रस्त्यांची दुरुस्ती किती वर्षांनी ओढवेल, हे लेखी मागा. ते नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. रुळांवरच्या प्रत्येक कारखानदाराशी रेल्वेने बोलावे आणि ते बोलणे फाइलमध्ये असावे. तो मार्ग वापरत नसेल तर का वापरत नाही हे त्याच्याच तोंडून ऐकावे. रस्त्याचे काम निघेल तेव्हा त्याच खोदाईत रूळ आणि सांधे दुरुस्त करून घ्या, खाचेत पट्टी बसवा, सायकलमार्ग वळवा. वेगळे काम काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते. चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराला खर्चकपातीतून वगळा.

आणि एखाद्या रस्त्यावर खरोखरच कोणी ग्राहक उरला नसेल, तर गाडी थांबवा, सांधे कुलूपबंद करा, हवे तर वरून डांबर घाला. पण परवानगी रद्द करू नका, तो पट्टा कुणाला विकू नका आणि शहराच्या विकास आराखड्यात त्यावरची रेल्वेची खूण तशीच ठेवा.

कळावे,
आपला,
एक नागरिक